खोटा पेशंट, खरा घाम

या पेशंटजवळ बॉलपेन न्यायला बंदी आहे. त्याच्या अंगावर वर्तमानपत्र टाकायलाही. जखम पुसायला म्हणून कुणी ते तपकिरी आयोडीन उचललं, तर लॅबच्या दुसऱ्या टोकाहून ट्यूटर मॅडमची अशी आरोळी येते की हातातला ट्रे खाली पडावा. पेशंटला झोंबेल म्हणून नव्हे, डाग निघत नाही म्हणून. शाई, छपाईचा रंग आणि आयोडीन या तिघांचं प्लॅस्टिकच्या कातडीशी जन्माचं वैर. नोंदी करायच्या तर पेन्सिलीने करा.

नर्सिंग कॉलेजच्या सिम्युलेशन लॅबमधला हा मॅनिकिन तसा फार लाडाचा. छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, मॉनिटरवर बीपी दिसतं. महागातला असेल तर बाहुलीच्या डोळ्यातली बाहुलीसुद्धा टॉर्च मारल्यावर बारीक होते. आवाज मात्र काचेपलीकडे माईक धरून बसलेल्या सरांचा: "सिस्टर, लई धाप लागलीय वो!" पहिल्या मिनिटाला विद्यार्थी फिस्सकन हसतात. मग मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ब्याण्णववरून शहाऐंशीवर घसरतो, सर बोलायचे बंद होतात, आणि हसणारे कपाळ पुसायला लागतात.

या सगळ्या प्रकाराच्या मुळाशी गेलं, तर तिथे डॉक्टर फार थोडे भेटतात. भेटतात ते खेळणीवाले.

बाहुलीवाल्या बाई

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट गावी मार्था जेंकिन्स चेस नावाच्या बाई मुलांसाठी बाहुल्या करायच्या. युरोपातून येणाऱ्या चिनी मातीच्या बाहुल्या जड, आणि हातातून पडल्या की खल्लास. चेसबाईंच्या बाहुल्या कापडी, आत भरीव, वर तैलरंग. मुलांनी आपटल्या तरी चालतील आणि धुतल्या तरी चालतील अशा. वडील डॉक्टर, नवरा डॉक्टर, त्यामुळे दवाखान्याची भाषा घरचीच.

1911 साली कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेच्या प्रमुख लॉडर सदरलँड यांनी त्यांच्याकडे जरा वेगळी ऑर्डर दिली: पूर्ण वाढ झालेल्या माणसाच्या मापाची बाहुली हवी. तिला खाटेवरून उचलता आलं पाहिजे, कुशीवर वळवता आलं पाहिजे, कपडे बदलता आले पाहिजेत. तोवर मुली हे सगळं एकमेकींवर शिकायच्या किंवा थेट आजाऱ्यावर, आणि दुसऱ्या प्रकारात आजाऱ्याला कुणी विचारत नसे.

बाहुली आली. तिचं नाव पडलं 'मिसेस चेस'. 1914 पर्यंत तिच्या दंडात इंजेक्शन टोचायची जागा आली आणि पोटात पाणी साठवायची टाकी. आता तिला कॅथेटर घालता येऊ लागला, एनिमा देता येऊ लागला. म्हणजे जे शिकताना शिकणारा आणि ज्याच्यावर शिकायचं तो, दोघंही लाजून लाल होतात, ते सारं मिसेस चेसने चेहऱ्यावरची रेषाही न हलवता सोसलं. पुढे बाळाच्या मापाच्याही बाहुल्या निघाल्या. त्यांच्यावर नव्या आया अंघोळ घालायला शिकायच्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने पुरुष मॅनिकिन मागितला, तोही झाला. नर्सिंगच्या कित्येक पिढ्या या एका बाईच्या अंगावर हात बसवून वॉर्डात गेल्या. तिला ना बॅटरी होती ना सॉफ्टवेअर.

गरज आधीच कुणाच्या लक्षात आली नव्हती, असं नाही. फ्लोरेन्स लीज या इंग्लिश नर्सने 1874 मध्ये परिचारिकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात शाळेच्या सामानाची यादी दिली आहे: सांधे हलणारा सांगाडा, बँडेज शिकायला लाकडी हातपाय, आणि एक डमी. आजच्या फाउंडेशन लॅबच्या इन्स्पेक्शनची यादी काढून शेजारी ठेवा, निम्मी तीच.

दुसरा खेळणीवाला

नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावचे आसमुंड लेर्दाल खेळण्यातल्या मोटारी आणि मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या करायचे. तोंडाने श्वास देऊन माणूस वाचवता येतो, हे डॉक्टरांना तेव्हा नुकतं उमगलं होतं. पण शिकवायचं कशावर? जिवंत माणसावर छाती दाबून बघा म्हणणं म्हणजे बरगड्या मोडायचं निमंत्रण. मग लेर्दाल यांना साकडं घातलं गेलं. त्यांचा स्वतःचा मुलगा लहानपणी पाण्यात बुडता बुडता वाचला होता, त्यामुळे फार आर्जवं करावी लागली नाहीत.

1960 मध्ये 'रेसुसी अ‍ॅनी' आली. तिचा चेहरा घेतला होता पॅरिसमधल्या एका अनोळखी तरुणीच्या मुखवट्यावरून. सीन नदीत सापडलेल्या एका मुलीचा तो मुखवटा, अशी कथा आहे. खरी असो वा रचलेली, त्या मुखवट्याच्या प्रती युरोपात घरोघरी भिंतीवर टांगल्या जायच्या, आणि लेर्दाल यांनी तो आपल्या नातेवाइकांकडे पाहिला होता. पुरुषी बाहुलीच्या तोंडाला तोंड लावायला पुरुष कचरतील, म्हणून त्यांनी बाईचा चेहरा निवडला. तेव्हापासून जगभरच्या नर्सिंग विद्यार्थ्यांनी, पोलिसांनी, शाळकरी पोरांनी या मुलीच्या तोंडात फुंकर मारली आहे. शुद्ध तपासताना तिला खांदा हलवून जो प्रश्न विचारतात, तो मायकेल जॅक्सनच्या 'स्मूथ क्रिमिनल' या गाण्यातही जाऊन बसला.

अ‍ॅनीवर शिकायचे आकडे तोंडपाठ हवेत: मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, तीस दाब झाले की दोन श्वास. ऐकायला सोपं. दोन मिनिटं करून पाहा, दुसऱ्या दिवशी दंड सांगतील.

एक मेख आहे. अ‍ॅनीचा चेहरा बाईचा, छाती मात्र सपाट. 2024 मध्ये जेसिका स्टोक्स-पॅरिश या अतिदक्षता विभागात काम केलेल्या ऑस्ट्रेलियन नर्स-संशोधक आणि त्यांच्या सहकारी डॉक्टर यांनी बाजारातले सीपीआरचे वीस प्रौढ मॅनिकिन तपासले. त्यांतले पाच स्त्री म्हणून विकले जात होते. स्तन होते फक्त एकाला. रस्त्यात कोसळलेल्या बाईला सीपीआर देताना बघे पुरुषापेक्षा जास्त कचरतात, हे आधीच्या अनेक पाहण्यांत दिसलं होतंच. आपल्याकडे तर साडी, पदर, ब्लाउज, मंगळसूत्र आणि भोवती गोळा झालेले दहा बघे, हा सगळा सरंजाम आणखी वेगळा. माझं म्हणणं असं की प्रत्येक लॅबमध्ये एका मॅनिकिनला साडी नेसवूनच ठेवावी. पिना लावून.

त्याही आधी: काकडी, कमळ आणि कापडी माणूस

नर्सिंगच्या मुलांनी पहिलं इंजेक्शन संत्र्याला टोचायचं, ही प्रथा सगळ्यांना ठाऊक आहे. साल जरा अडवते, मग सुई सुळकन आत. हाडात सुई घालून सलाईन द्यायचा सराव कोंबडीच्या तंगडीवर करतात. तंगडी नंतर शिजवू नये एवढीच अट.

पण भाजी मंडईतून शिकवण्याचा मान सुश्रुतसंहितेचा. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात कुठलं कसब कशावर घटवायचं, याची यादीच आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडीवर. शीर टोचायचा कमळाच्या देठावर. शिवण्याचा जाड कापडावर आणि मऊ कातड्यावर. आतला खडा काढल्यासारखं काही ओढून काढायचं असेल, तर फणस. बस्तीची नळी घालायला पाण्याने भरलेल्या घड्याचं तोंड. आणि पट्टी बांधायला? माणसाच्या आकाराचा, अवयवांसकट केलेला पुतळा. ग्रंथ पाठ केला म्हणून कुणी कामाला लायक होत नाही, हात बसला पाहिजे, असं त्या अध्यायात बजावलेलं आहे. आजचा ट्यूटर 'रिटर्न डेमो' घेतल्याशिवाय लॉगबुकावर सही करत नाही, तो याच घराण्यातला.

चीनमध्ये 1027 साली वांग वेइयी यांनी काशाचे दोन पुतळे ओतले. अंगभर अ‍ॅक्युपंक्चरची छिद्रं, वरून मेण, आत पाणी. परीक्षेत विद्यार्थ्याने बरोबर ठिकाणी सुई टोचली तर पाणी बाहेर. चुकली तर काहीच नाही. परीक्षकाला घसा कोरडा करायचं कारण उरलं नाही.

आणि मग मादाम द्यु कुद्रे. या फ्रेंच सुईणीची गोष्ट खरं तर स्वतंत्र लेखाची. 1759 मध्ये राजा पंधराव्या लुईने तिला देशभर फिरून खेड्यांतल्या बायकांना बाळंतपण शिकवायचा परवाना दिला. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका, तिथे पुस्तकाचा काय उपयोग? तिने कापड, चामडं, कापूस आणि हाडांचा कमरेचा सांगाडा वापरून बाळंतिणीचं धड शिवलं आणि त्याला चक्क 'यंत्र' म्हटलं. आत नाळेसकट बाळ. दोऱ्या ओढल्या की वाट ताणायची. योग्य वेळी पाणी सुटावं म्हणून स्पंज. हे गाठोडं घोडागाडीत टाकून ती जवळपास पाव शतक गावोगाव हिंडली आणि हजारो जणींना शिकवून गेली. तिचं एक यंत्र रुआँ शहरातल्या संग्रहालयात अजून आहे. शिवण इतकी बारीक की आजच्या कंपन्यांनी मान खाली घालावी.

रक्त करा, उलटी करा

सिम्युलेशनमध्ये खोट्या जखमा रंगवण्याला 'मूलाज' म्हणतात. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात त्वचारोगांचे हुबेहूब मेणाचे नमुने करणारा सर्वांत नामांकित कारागीर ज्यूल बारेता. आधी हा गृहस्थ काय करायचा? कागदाच्या लगद्याची खोटी फळं विकायचा. एका डॉक्टरने ती पाहिली आणि त्याला फळांवरून फोडांवर आणलं. त्याचा पहिला नमुना 1867 चा. ती हजारो मेणाची दुखणी तिथल्या संग्रहालयात आजही कपाटांतून बघत असतात.

आताच्या ट्यूटर लोकांचं हे काम निम्मं स्वयंपाकघरातून चालतं. लघवीच्या पिशवीत सफरचंदाचा रस. पोटात रक्तस्राव झालेल्या माणसाच्या उलटीला डॉक्टरी भाषेतसुद्धा कॉफीच्या चोथ्याची उपमा आहे, म्हणून कॉफीचाच चोथा. रक्ताला साखरेचा पाक आणि खायचा लाल रंग. मात्र मॅनिकिनच्या कातडीला आधी व्हॅसलीन चोपडायला विसरलात, तर पेशंट पुढची कित्येक वर्षं गोवर आल्यासारखा दिसतो.

दोन लिटर पाणी पिणारं बाळ

लाखो रुपयांच्या मॅनिकिनची जाहिरात सगळे करतात. माझा जीव मात्र 'निओनॅटली'वर. हे नवजात बाळ घडी करून पिशवीत मावतं. वापरायच्या वेळी पोटात दोन लिटर कोमट पाणी भरायचं, की हातात घेतल्याबरोबर मान लुळी पडते आणि अंगाला खरं वजन येतं. नळीला जोडलेले रबरी फुगे दाबून शिकवणारी त्याला श्वास देते, रडवते, नाळेचे ठोके देते किंवा काहीच देत नाही. मग समोरच्या एएनएमने पुसायचं, पाठ चोळायची, नाहीतर पिशवी-मास्कने हवा द्यायची. आणि हे पहिल्या मिनिटात. या मिनिटाला 'सोनेरी मिनिट' म्हणतात. भारतातही 2009 पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात नर्स आणि एएनएम यांना अशाच बाळ-बाहुल्यांवर हात बसवायला शिकवलं जातं.

निओनॅटलीची आई म्हणजे 'मामानॅटली'. हे पोट शिकवणाऱ्या बाईने स्वतःच्या अंगाला बांधायचं. आतून बाळ ढकलायचं, वार सोडायची, आणि नळ उघडून रक्त वाहू द्यायचं. विद्यार्थिनी गर्भाशय चोळायला विसरली तर रक्त थांबत नाही, आणि पेशंट, म्हणजे मॅडमच, कळवळून विचारतात, "बाई, मला गरगरतंय का हो असं?" प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचं आघाडीचं कारण आहे. त्यावरची ही तालीम वीज नसलेल्या उपकेंद्रातही होते.

मास्तर वेषांतर करतात

1963 मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकार-तज्ज्ञाने चित्रकारांसाठी बसणाऱ्या एका मॉडेलला पायातली ताकद गेलेल्या रुग्णाचं नाटक शिकवलं आणि विद्यार्थ्यांसमोर बसवलं. सहकाऱ्यांनी नाकं मुरडली: हॉलिवूडच्या गावात राहून याला नाटकाचा नाद लागला! आज असे 'तयार पेशंट' सगळीकडे आहेत.

त्यावर कडी केली ऑस्ट्रेलियातल्या नर्सिंग प्राध्यापक केरी रीड-सर्ल यांनी. त्या सिलिकॉनचा मुखवटा, हात, छाती-पोट चढवून वर्गात येतात ते एखादा खडूस म्हातारा होऊन. पूर्ण बहुरूपी. आपल्या मॅडमच आत आहेत हे विद्यार्थ्यांना ठाऊक असतं, तरी पाच मिनिटांत ते त्या म्हाताऱ्याला 'आजोबा' म्हणायला लागतात. आणि आतली बाई नर्स असल्यामुळे बेडपॅन चुकीचा लावला की आजोबा बरोबर तिथेच कुरकुरतात.

सगळ्या सिम्युलेशनला बाहुली लागतेच असंही नाही. पॅट्रिशिया डीगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना तरुणपणी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं. त्यांनी एक ध्वनिफीत तयार केली: कानात कुजबुजणारे, हिणवणारे, हुकूम सोडणारे आवाज. विद्यार्थ्याने ती हेडफोनवर ऐकत साध्या गोष्टी करायच्या: फॉर्म भरायचा, समोरच्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मानसिक आजाराच्या वॉर्डात पोस्टिंगला जाण्याआधी हा तासभराचा छळ प्रत्येकाने भोगावा, असं माझं ठाम मत आहे. "अहो, लक्ष कुठे आहे तुमचं?" हे वाक्य पेशंटला पुन्हा म्हणताना जीभ अडते.

पाणबुडीतला फोन

रात्री दोनला झोपेतल्या डॉक्टरांना फोन करायचा, हे नव्या सिस्टरचं सगळ्यांत मोठं भय. काय सांगू, कुठून सुरू करू, ओरडले तर? त्यासाठी चार पायऱ्यांची पद्धत शिकवतात, 'एसबार': आत्ता काय झालंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय, मला तुमच्याकडून काय हवंय. ही पद्धत रुग्णालयात जन्मलेली नाही. ती आली अमेरिकन आरमाराच्या अणुपाणबुड्यांतून. लॅबमध्ये ही तालीम करताना पलीकडचे 'डॉक्टर' मुद्दाम वैतागतात, जांभई देतात, मध्येच फोन ठेवतात. आपल्याकडे चौथी पायरी सर्वांत अवघड जाते. "सर, तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं" एवढं म्हणायला आपल्या मुलींना किती वेळा सांगावं लागतं, ते ट्यूटरना विचारा.

याने काही फरक पडतो का?

अमेरिकेतल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाला नेहमीसारखी वॉर्डातली ड्युटी, दुसऱ्याच्या पाव ड्युटीऐवजी सिम्युलेशन, तिसऱ्याच्या अर्ध्या. पदवीपर्यंत आणि नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांपर्यंत पाठ पुरवली. 2014 साली निकाल आला: ज्ञानात, कौशल्यात, परवाना परीक्षेत तिन्ही गट सारखेच. या निकालाचं पहिलं वाक्य सगळे सांगतात आणि दुसरं गिळतात. शिकवणारे खास तयार केलेले होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर नीट चर्चा झाली होती, हे ते दुसरं वाक्य.

आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या 2021 च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात सेमिस्टर पद्धतीबरोबर सिम्युलेशन आलं आणि घंटा वाजली की पुढच्या टेबलावर सरकायची 'ऑस्की' परीक्षा आली. ऑस्कीची कल्पना डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांची, 1975 ची. गुरुग्रामजवळच्या एका विद्यापीठात शिक्षकांना शिकवणारं राष्ट्रीय केंद्रही उभं आहे. तरी काही ठिकाणी मॅनिकिन अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात, कुलूपबंद, हार घालायचा तेवढा बाकी. इन्स्पेक्शनच्या दिवशी तो बाहेर येतो. वापरून खराब होईल, ही भीती; आणि तो वापरण्यासाठीच घेतलाय, हे बजेटच्या कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं.

ज्या चर्चेचा वर उल्लेख आला, ती 'डीब्रीफिंग'. प्रसंग दहा-पंधरा मिनिटांचा, बोलणं बहुधा त्याहून लांब. चांगला ट्यूटर "तू चुकलीस" असं सुरू करत नाही. "ऑक्सिजन लावायच्या आधी तू मॉनिटरकडे पाहत उभी होतीस, तेव्हा डोक्यात काय चाललं होतं?" असं विचारतो. उत्तरं भन्नाट येतात. एकीला वाटलेलं असतं की मॉनिटरच बिघडलाय. दुसऱ्याला कळलेलं असतं, पण सीनियर शेजारी उभी होती म्हणून तो गप्प. हे मॅनिकिनला विचारता येत नाही, त्याची किंमत कितीही असो.

आणि मॅनिकिनला मरू द्यायचं का? यावर शिकवणाऱ्यांत दोन तट आहेत. पहिल्या तटाचं म्हणणं, शिकाऊ मुलीच्या चुकीने बाहुली मेली तरी ती रात्रभर झोपत नाही, मग शिकणार काय? म्हणून काचेपलीकडचे सर शेवटच्या क्षणी नाडी परत आणतात. दुसरा तट म्हणतो, वॉर्डात पहिला मृत्यू बघण्यापेक्षा इथे बघितलेला बरा. फक्त आधी सांगा, आणि नंतर बोला. मला विचाराल तर पहिल्या वर्षाला नको, शेवटच्या वर्षाला हवंच. नातेवाइकाचं काम कॉलेजातल्या एखाद्या बोलक्या शिपाईमामांना द्यावं. "आमची म्हातारी बरी हाय ना?" हे ते दाराशी उभं राहून तीन वेळा तीन सुरांत विचारतील, आणि उत्तर द्यायला त्या मुलीला स्वतःच पुढे व्हावं लागेल.